उंट कोणी बांधायचा? महामारीचा इतिहास आणि तवक्कुल

21 एप्रिल 2021, बुधवार. त्या दिवशी रामनवमी होती आणि रमजानचा आठवा रोजा होता. दुपारच्या सुमारास नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारातल्या टाकीतून ऑक्सिजन गळायला लागला. पांढऱ्या वाफेचे ते लोट सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. रुग्णालयात दीडशेच्या आसपास कोरोना रुग्ण होते आणि त्यांतल्या बहुतेकांचा श्वास त्याच टाकीवर चालत होता. पुरवठा पूर्ववत होईपर्यंत नातेवाईक सिलिंडर शोधत वॉर्डांतून धावत राहिले. त्या दिवशी 22 रुग्ण गेले.

त्यानंतरचे कितीतरी दिवस जुन्या नाशकात मी दोन वाक्यं ऐकत होतो. पहिलं, "अल्लाहची मर्जी. तकदीरमध्ये होतं, ते झालं." दुसरं वाक्य तरुण मुलं बोलत, तेही हळू आवाजात: "एवढ्या दुआ मागितल्या, मग झालं काय?" पहिल्या वाक्याने प्रश्न विचारणं बंद होतं आणि दुसऱ्याने दुआ मागणं. दोन्ही बोलणारी माणसं दुखावलेली होती, म्हणून तेव्हा मी कुणाशी वाद घातला नाही. पण या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी 'तवक्कुल' हा आपला शब्द हरवतो आहे असं मला सारखं वाटत राहिलं. तवक्कुल म्हणजे अल्लाहवर भरवसा ठेवून आपलं काम त्याच्या हवाली करणं. हा शब्द आपल्या पूर्वजांनी महामारीच्या काळात कसा जगून दाखवला, हे इतिहासात नीट नोंदलेलं आहे. ते आज पुन्हा वाचायला हवं.

सर्गचा मुक्काम

हिजरी सन 18, म्हणजे इसवी सन 639. जेरुसलेमजवळच्या अमवास या गावावरून नाव पडलेली प्लेगची साथ शाम प्रांतात पसरली होती. याच साथीच्या काळात खलिफा हजरत उमर (रजि.) मदिनेहून शामकडे निघाले होते. सीमेवरच्या सर्ग या मुक्कामावर सेनापती अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) त्यांना भेटायला आले आणि पुढे साथ असल्याची खबर दिली. उमर यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. आधी मुहाजिरांना बोलावलं, त्यांच्यात दोन मतं पडली. मग अन्सारांना बोलावलं, त्यांच्यातही दोन मतं पडली. शेवटी कुरैशच्या ज्येष्ठांना विचारलं. त्यांनी एकमताने सांगितलं की लोकांना घेऊन परत फिरा. उमर यांनी परतीचा हुकूम दिला.

तेव्हा अबू उबैदा यांनी विचारलं की, आपण अल्लाहने ठरवलेल्या नशिबापासून पळता आहात का? प्रश्न साध्या माणसाचा नव्हता. ज्यांना प्रेषितांनी (स.) उम्मतचे 'अमीन' म्हटलं, त्यांचा तो प्रश्न होता. उमर यांनी उत्तर दिलं ते असं की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून आम्ही त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग त्यांनी उंटांचं उदाहरण दिलं. एका दरीत तुमचे उंट उतरले आणि तिची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असेल, तर हिरव्या बाजूला चारलं तरी ती अल्लाहचीच तकदीर आणि उजाड बाजूला चारलं तरी ती त्याचीच तकदीर. मग शहाणा मेंढपाळ कुठली बाजू निवडेल? नंतर अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण असलेल्या ठिकाणी साथ आली तर तिथून पळू नये, असं प्रेषितांकडून ऐकल्याचं त्यांनी सांगितलं. उमर यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते मागे फिरले.

या प्रसंगात दोन माणसं आहेत आणि दोघंही आपल्याला प्रिय आहेत. अबू उबैदा आपल्या सैन्याजवळ परत गेले. पुढे उमर यांनी त्यांना पत्र पाठवून मदिनेला बोलावून घेतलं. बोलावण्यामागचा हेतू त्यांनी ओळखला आणि आपल्या माणसांना सोडून येणार नाही असं कळवलं. त्याच साथीत ते गेले. त्यांच्यानंतर मुआज बिन जबल (रजि.) गेले. पुढे कमान अम्र बिन आस (रजि.) यांच्याकडे आली. त्यांनी लोकांना डोंगरांवर पांगून राहायला सांगितलं आणि साथ ओसरली. जुन्या ग्रंथांत या साथीच्या बळींचा आकडा 25 हजार दिला जातो.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अबू उबैदा यांचं थांबणं आणि उमर यांचं परतणं या दोन्ही गोष्टी तवक्कुलच आहेत. एकाच्या हाती हजारो लोकांना साथीत नेण्याचा किंवा न नेण्याचा निर्णय होता, त्याने तो सल्ला घेऊन सुरक्षित बाजूने घेतला. दुसरा साथीच्या आत अडकलेल्या माणसांचा प्रमुख होता, त्याने त्यांना टाकून स्वतःचा जीव वाचवला नाही. भरवसा दोघांचा एकच, जबाबदाऱ्या वेगळ्या. उंट बांधण्याची सर्वांना ठाऊक असलेली हदीस हेच सांगते. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असं एका माणसाने विचारलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव असं सांगितलं. हे सगळे जण पाठ म्हणतात. पण ज्याच्या हातात दोर आहे, उंट त्याने बांधायचा असतो, एवढा साधा अर्थ मात्र सुटून जातो.

दमास्कस आणि कैरो

सातशे वर्षांनंतर 'काळा मृत्यू' आला. 1348 च्या जुलैमध्ये इब्न बतूता दमास्कसमध्ये होता. तिथल्या सुभेदाराने शहराला तीन दिवस रोजे ठेवायला सांगितले. शुक्रवारी सगळं शहर अनवाणी बाहेर पडलं. मुसलमानांच्या हातात कुरआन होतं, यहुद्यांच्या हातात तौरात, ख्रिस्ती लोकांच्या हातात इंजील. बायका, मुलं, अमीर, गरीब सगळे रडत शहराबाहेरच्या कदमांच्या मशिदीपर्यंत चालत गेले. त्यानंतर अल्लाहने संकट हलकं केलं, असं इब्न बतूताने लिहिलं आहे. हे वर्णन वाचताना डोळे भरून येतात. हतबल झालेलं एक शहर धर्माच्या भिंती विसरून एकाच दारात उभं राहिलं होतं.

पण इतिहास इथे थांबत नाही. हिजरी 833, म्हणजे इसवी सन 1430. कैरोमध्ये पुन्हा साथ होती. तिथे इब्न हजर अस्कलानी होते. सहीह बुखारीवरची 'फत्हुल बारी' ही टीका ज्यांनी लिहिली तेच. त्यांच्या दोन मुली, फातिमा आणि आलिया, हिजरी 819 च्या साथीत गेल्या होत्या. या 833 च्या साथीत थोरली मुलगी जैन खातून गरोदर असताना गेली. तीन मुली प्लेगच्या हवाली केलेल्या या बापाने प्लेगवरच एक ग्रंथ लिहिला, 'बज्लुल माऊन'. त्यात त्यांनी एक अप्रिय नोंद केली आहे. कैरोच्या लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि मग शहराबाहेर वाळवंटात मोठा जमाव करून सामूहिक दुआ मागितली. त्याआधी दिवसाला 40 हूनही कमी माणसं मरत होती. महिना संपायच्या आत हा आकडा हजाराच्या वर गेला.

हे लिहिणारा माणूस नास्तिक नव्हता. हदीसशास्त्रातला त्या काळचा सर्वात मोठा अधिकारी होता, कैरोचा मुख्य काझी होता आणि तीन मुलींचा बाप होता. त्यांनी दुआ नाकारली नाही. प्लेगसाठी असा मेळावा भरवणं ही आपल्या पूर्वजांची रीत नव्हती, एवढं त्यांनी दाखवून दिलं. घरातली दुआ, तौबा, रुग्णाची विचारपूस, सब्र, यांवर त्यांचा भर राहिला. खरी घटना लपवून श्रद्धा वाचवावी लागते असं त्यांना वाटलं नाही. दुआ मागूनही माणसं जातात हे त्यांनी स्वतःच्या घरात तीनदा पाहिलं होतं आणि तरी ते नमाजला उभे राहत होते. "मग झालं काय?" असं विचारणाऱ्या आमच्या तरुणांसमोर मला इब्न हजर यांचं नाव ठेवावंसं वाटतं. त्यांना उत्तर द्यायला नव्हे, हा प्रश्न अंगावर झेललेला एक मोठा माणूस आपल्याआधी होऊन गेला आहे हे सांगायला.

मुंबई 1898, मालेगाव 2020

आता आपल्या घरी येऊ. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगाचा कायदा आला आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणं थांबवण्यात आलं. घराघरांत झडत्या सुरू झाल्या. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्याच्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून वाद झाला आणि दंगल उसळली. परक्या सरकारचे शिपाई घरात शिरतात, बायका-मुलींना हात लावतात, इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती खोटी नव्हती. पुण्यात याच संतापातून रँडचा खून झाला होता.

त्याच मुंबईत दुसरंही घडत होतं. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली. साथ मात्र नाशिकपर्यंत पोहोचली होती. 1899 मध्ये इथून जवळच्या भगूरमध्ये सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनेच गेले. प्लेगने घर पाहिलं, घरातला देव पाहिला नाही.

मदनपुऱ्याच्या विणकरांचे भाऊबंद आमच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला आहेत. उत्तर हिंदुस्थानातून दुष्काळ आणि 1857 नंतरच्या धरपकडीतून निघालेले मोमीन विणकर मौसम नदीकाठी स्थिरावले आणि गावाचं यंत्रमागांचं शहर झालं. 8 एप्रिल 2020 रोजी मालेगावात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि काही आठवड्यांत हे शहर राज्यातल्या सर्वांत चिंतेच्या ठिकाणांपैकी एक झालं. यंत्रमाग बंद होते. एका खोलीत आठ-दहा माणसं राहत होती. बरेच खाजगी दवाखाने बंद पडले होते, त्यामुळे मधुमेह आणि हृदयाचे रुग्णही उपचाराविना गेले. बडा कब्रस्तानात रोजचे दफन एकाएकी वाढले. मुस्लिम वस्ती असल्यामुळे टीव्हीवर जे ऐकावं लागत होतं ते वेगळंच. हतबलता म्हणजे काय ते त्या रमजानमध्ये मालेगावने पाहिलं.

मग काय झालं? मशिदी बंद राहिल्या, तरावीह घरात झाली, ईदची नमाजही घरात झाली. पावसाच्या रात्री अजानमध्येच घरी नमाज पढा असं सांगण्याची सुन्नत आहे, याची आठवण उलेमांनी करून दिली. पंकज आशिया या तरुण अधिकाऱ्याकडे शहराचं काम आलं. प्रशासन, स्थानिक डॉक्टर आणि मौलाना एकत्र बसू लागले, दवाखाने हळूहळू उघडले, घाबरून लपणारे रुग्ण पुढे येऊ लागले. मन्सुराच्या युनानी महाविद्यालयाचा काढा घरोघरी प्यायला गेला. त्याने किती फरक पडला ते मोजणं अवघड आहे, पण आपणही काही करू शकतो ही भावना त्याने परत दिली. जूनपर्यंत रुग्ण कमी झाले आणि 'मालेगाव पॅटर्न' हा शब्द वर्तमानपत्रांत आला. 1898 च्या मदनपुऱ्यात नसलेली एक गोष्ट 2020 च्या मालेगावात होती. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात थोडा का होईना विश्वास तयार झाला होता.

चित्र संपूर्ण व्हावं म्हणून पुढचंही सांगितलं पाहिजे. 2021 मध्ये लस आली तेव्हा तेच मालेगाव लसीकरणात मागे राहिलं. "आमचा अल्लाहवर भरवसा आहे, सुई कशाला?" हे वाक्य तेव्हा खूप चाललं. उमर यांनी सर्गहून मागे फिरताना जे समजावलं होतं, ते चौदाशे वर्षांनी पुन्हा समजावून सांगावं लागत होतं.

गुहेच्या तोंडाशी

तवक्कुलचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मला हिजरतमध्ये दिसतं. इसवी सन 622 मध्ये प्रेषित (स.) मक्केहून निघाले तेव्हा तयारीत काहीही कमी ठेवलं नव्हतं. मदिना उत्तरेला होती, ते दक्षिणेकडच्या सौर डोंगराकडे गेले. वाट दाखवायला अब्दुल्लाह बिन उरैकित हा मुसलमान नसलेला पण जाणकार वाटाड्या पगारावर ठेवला. अबू बकर (रजि.) यांचा मुलगा मक्केतली खबर आणत होता, मुलगी अस्मा (रजि.) जेवण पुरवत होती आणि आमिर बिन फुहैरा मेंढ्या हाकून पावलांच्या खुणा पुसत होते. एवढं सगळं करूनही पाठलाग करणारे गुहेच्या तोंडाशी पोहोचलेच. आता हातात काहीही उरलं नव्हतं. त्या क्षणी प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदाराला धीर दिला की दुःख करू नकोस, अल्लाह आपल्याबरोबर आहे. कुरआनने हा क्षण जपून ठेवला आहे.

धीराचे हे शब्द प्रवासाच्या सुरुवातीला तयारीऐवजी आलेले नाहीत, तयारी संपल्यावर आले आहेत. माझ्या मते तवक्कुलची जागा तिथेच आहे, माणसाच्या हातातलं जिथे खरोखर संपतं तिथे. ते कुठे संपतं हे मात्र प्रामाणिकपणे पाहावं लागतं.

या कसोटीवर झाकीर हुसेन रुग्णालयाचा तो दिवस पाहा. वॉर्डातले नातेवाईक गुहेत होते. त्यांनी बेड शोधला होता, रेमडेसिवीरसाठी रांगा लावल्या होत्या, उसनवारी केली होती, रात्री जागवल्या होत्या. त्यांचं सगळं करून झालं होतं. त्यांनी "अल्लाहची मर्जी" म्हटलं किंवा "देवाची इच्छा" म्हटलं, तर तो त्यांचा हक्क आहे, त्या शब्दांवरच ते उभे राहू शकले. प्लेगमध्ये जाणारा मुसलमान शहीदाच्या दर्जाचा असतो, ही हदीस अशाच घरांच्या सांत्वनासाठी आहे.

पण टाकी, नळ्या, झडपा, त्यांची देखभाल आणि पर्यायी सोय ही ज्यांची जबाबदारी होती, ते गुहेत नव्हते. त्यांच्या हातात दोर होता. तो दोर कुठे आणि का सुटला हे शोधण्यासाठी चौकशी समिती नेमली गेली, मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर झाली, आणि ते योग्यच होतं. अशा वेळी बाकीच्यांनी "तकदीर" म्हणून विषय मिटवणं हे तवक्कुल नाही. उमय्या काळात सत्ताधारी आपल्या जुलमालाही अल्लाहचा निर्णय म्हणू लागले होते. तेव्हाचं, खलिफा अब्दुल मलिकला उद्देशून लिहिलेलं एक पत्र हसन बसरी यांच्या नावावर आहे. माणसाने केलेल्या चुकीचं ओझं अल्लाहवर टाकू नये, हा त्याचा गाभा. तकदीरवरची श्रद्धा दुःख सोसण्यासाठी आहे, हिशेब चुकवण्यासाठी नाही.

रडण्याबद्दलही एक सांगायला हवं. आपल्याकडे सब्र म्हणजे डोळ्यांत पाणी न आणणं असा समज आहे. हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी घालवून बसले, तरी कुरआनमध्ये त्यांचं सब्र सुंदर म्हटलं गेलं. प्रेषितांचा (स.) तान्हा मुलगा इब्राहीम 632 मध्ये गेला, तेव्हा ते रडले. योगायोगाने त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, इब्राहीमसाठी सूर्य काळवंडला. कुणाच्याही मरणाने किंवा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, असं सांगून त्यांनी ती समजूत तिथल्या तिथे मोडली. पोटचा मुलगा गेलेला असताना एवढा सोयीचा चमत्कार त्यांनी नाकारला. दुःख खरं होतं, ग्रहणही खरं होतं, पण दोन्हींची गाठ मारायला त्यांनी परवानगी दिली नाही.

संकटं पुन्हा येतील. साथ असेल, पूर असेल, दंगल असेल, किंवा घरातलं एखादं न बरं होणारं दुखणं असेल. तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या हातात दोर आहे का? असेल तर तो आधी घट्ट बांधू, मास्क असो, लस असो, सल्ला असो की जाब विचारणारा अर्ज असो. आणि हातात काहीच उरलं नसेल तर ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्याकडे निर्धास्त वळू, रडत वळलो तरी चालेल.

अल्लाह आपल्याला बांधण्याची ताकद देवो, आणि जिथे ती संपते तिथे भरवसा देवो. आमीन.